मायोइलेक्ट्रिक हात शिकायचा तर आधी एक स्नायू वाचा

फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलो तेव्हापासून पाहतोय, मायोइलेक्ट्रिक, म्हणजे स्नायूंच्या विजेच्या संकेतावर चालणाऱ्या कृत्रिम हाताचा प्रोजेक्ट घेणारी मुलं आधी थ्रीडी प्रिंटरवर पंजा काढतात आणि पाच सर्वो मोटर बसवतात. माझा आग्रह उलटा आहे. मोटरकडे वळण्याआधी स्वतःच्या हाताचा एक स्नायू, म्हणजे त्याचा विजेचा संकेत, नीट वाचायला शिका.

बोटं मिटणारे मोठे स्नायू पंजात नसतात, ते कोपर आणि मनगटाच्या मधे असतात. म्हणूनच पंजा गेलेल्या माणसाने मूठ आवळायचं मनात आणलं, की ते स्नायू अजूनही आकुंचन पावतात. त्वचेवर मिळणारा संकेत मात्र फार तर काही मिलिव्होल्टचा. ५ व्होल्टवरच्या अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला मोजता येणारी सगळ्यात लहान पायरीच ४.९ मिलिव्होल्टची, त्यामुळे संकेत मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरशिवाय हाती काही लागत नाही.

दोन इलेक्ट्रोड (त्वचेवर चिकटवून संकेत टिपणारे) स्नायूच्या लांबीने लावा, तिसरा कोपराच्या हाडावर. तो नीट चिकटला नाही तर पडद्यावर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची जाड लाट उमटते आणि मूठ आवळली तरी ती हलत नाही. नॉच फिल्टरने, म्हणजे एकच वारंवारता गाळणाऱ्या फिल्टरने, ती घालवावीशी वाटते, पण स्नायूचा संकेत साधारण २० ते ५०० हर्ट्झमधलाच, त्यामुळे त्याचाही लचका तुटतो. आधी वायरी आखूड करा. लॅपटॉपचा चार्जर काढा. अंगाला जोडलेलं सर्किट घरातल्या विजेवर कधीच नको, हा जिवाचा प्रश्न आहे.

गोव्यात खरी कसोटी मे महिन्यात. दोन इलेक्ट्रोडांमध्ये घामाचा ओघळ आला की दोन्हीकडे जवळपास सारखाच संकेत पोचतो आणि ॲम्प्लिफायर तर त्या दोन्हींमधला फरकच मोजतो. एसी लॅबमध्ये गुणी वाटणारा हात व्हरांड्यात नुसता उघडझाप करत बसतो. मिटण्यासाठी वरची आणि उघडण्यासाठी खालची, अशा संकेताच्या दोन वेगळ्या मर्यादा ठेवल्या की ही थरथर बरीच थांबते. हात चढवताना दर वेळी त्या नव्याने ठरवाव्या लागतात.

सॉकेट, म्हणजे उरलेल्या हातावर चढणारा कृत्रिम हाताचा भाग, बसवण्याची ओढ असेल तर बारावी सायन्सनंतर प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची (कृत्रिम अवयव आणि आधार-साधनांची) पदवी घ्या. मुंबईत हाजी अलीच्या सरकारी संस्थेत ती आहे. रुग्णांवर काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. इंजिनीअरांनीही सॉकेट बसवणाऱ्याशेजारी बसून पाहावं. टोचणारा हात माणूस कपाटात ठेवून देतो, मग आतला कोड कितीही चांगला असो.