विक्रमी हंगाम आणि पहिल्याच फेरीत पराभव : आइस हॉकी संघाचे वर्ष मुंबईत बसून कसे अभ्यासावे

बॉस्टन ब्रुइन्स या संघाने २०२२-२३ च्या हंगामात ८२ पैकी ६५ सामने जिंकून १३५ गुण मिळवले. नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या प्रमुख स्पर्धेत एका हंगामात इतके विजय किंवा इतके गुण त्याआधी कोणत्याही संघाला मिळाले नव्हते. त्याच संघाला प्लेऑफच्या पहिल्या फेरीत फ्लोरिडा पँथर्सने सात सामन्यांच्या मालिकेत ४-३ असे हरवले. सातवा आणि निर्णायक सामना ३० एप्रिलच्या संध्याकाळी बॉस्टनमध्ये झाला, म्हणजे मुंबईत तेव्हा महाराष्ट्र दिनाची पहाट होती. अशा पराभवानंतर दोनच निष्कर्ष सगळीकडे ऐकू येतात : एक तर संघ दडपणाखाली कोसळला, नाहीतर नशिबाने दगा दिला. दोन्ही निष्कर्ष सामने न पाहताही काढता येतात, आणि म्हणूनच ते फारसे उपयोगाचे नाहीत. आपल्या आवडत्या संघाचे काय झाले हे खरोखर समजून घ्यायचे असेल, तर हंगामाची आणि मालिकेची नोंद स्वतः ठेवावी आणि दोन्ही शेजारी मांडून वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन. ती कशी ठेवावी आणि कशी वाचावी, ते पुढे दिले आहे.

सर्वांत आधी वेळेचा हिशेब जमवावा लागतो. हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो आणि प्लेऑफ त्यानंतर जूनपर्यंत रंगतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ वाजता सुरू होणारा सामना मुंबईत हिवाळ्यात पहाटे साडेपाचला, तर मार्च ते नोव्हेंबरच्या काळात, तिकडची घड्याळे एक तास पुढे केलेली असल्यामुळे, पहाटे साडेचारला सुरू होतो. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने आपल्याकडे सकाळी साडेसात-साडेआठला, म्हणजे नेमके लोकल पकडण्याच्या वेळी येतात. वेळापत्रकात तारीख तिकडची असते; आपल्या दिनदर्शिकेत ती एक दिवसाने पुढे सरकवून लिहावी, अन्यथा सामना होऊन गेल्यावर आपण उठतो. एक सामना साधारण अडीच तास चालतो आणि नोकरी करणाऱ्या माणसाला ८२ पहाटा जागणे शक्य नसते, त्यामुळे हंगामातले काही सामने पूर्ण पाहावेत, उरलेल्यांची क्षणचित्रे आणि गुणफलक पाहावा आणि पहाटेची झोप प्लेऑफसाठी राखून ठेवावी. प्रत्येक सामन्याचा तपशीलवार फलक लीगच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो आणि नोंदीसाठी तेवढा पुरेसा आहे.

नोंदवहीत प्रत्येक सामन्यासाठी एकच ओळ असावी. तीत प्रतिस्पर्धी, केलेले आणि झालेले गोल, दोन्ही बाजूंचे फटके, गोलरक्षक कोण होता, कोण जायबंदी होता आणि सामना ठरलेल्या ६० मिनिटांत संपला की नाही, एवढे लिहावे. शेवटची बाब नवख्या प्रेक्षकाला किरकोळ वाटते, पण गुणतक्ता तिच्यामुळेच फसवा होऊ शकतो. विजयाला २ गुण मिळतात. ६० मिनिटांत हरलेल्या संघाला शून्य, पण अतिरिक्त वेळेत किंवा शूटआउटमध्ये (बरोबरी फोडण्यासाठी एकेक खेळाडू एकट्या गोलरक्षकासमोर जातो त्यात) हरलेल्या संघालाही १ गुण मिळतो. शिवाय साखळी सामन्यांतली अतिरिक्त वेळ पाच मिनिटांची असते आणि तीत दोन्हीकडे गोलरक्षकाखेरीज तिघेच खेळाडू असतात. प्लेऑफमध्ये तिघांचा खेळही नाही आणि शूटआउटही नाही : तिथे पाचास पाच असेच खेळतात, वीस-वीस मिनिटांची सत्रे लागतात आणि जो संघ पहिला गोल करेल तो जिंकतो, मग त्यासाठी मध्यरात्र उलटली तरी चालते. म्हणून एखाद्या संघाने बरेचसे गुण तिघांच्या खेळात आणि शूटआउटमध्ये कमावले असतील, तर त्याचे गुणतक्त्यातले स्थान प्लेऑफसाठी थोडे खाली धरूनच वाचावे. ब्रुइन्सच्या बाबतीत मात्र ही शंका टिकत नाही, कारण त्यांचे बहुतेक विजय सरळ ६० मिनिटांतले होते.

हंगाम संपला की सरासरी काढावी. ब्रुइन्सनी त्या वर्षी ३०५ गोल केले आणि त्यांच्यावर १७७ झाले, म्हणजे सामन्यामागे सुमारे ३.७ केले आणि २.२ स्वीकारले. गोलरक्षक लिनस उलमार्क याने समोर आलेल्या शंभर फटक्यांपैकी जवळजवळ ९४ अडवले आणि सर्वोत्तम गोलरक्षकाचा वेझिना करंडक मिळवला. या आकड्यापाशी थोडे थांबावे. शंभरात ९० अडवणारा गोलरक्षक साधारण मानला जातो आणि ९२ अडवणारा फार चांगला, तेव्हा ९४ हा आकडा कुणाच्याही बाबतीत कायम टिकत नाही. जिथे संघाचे यश अशा एका असाधारण आकड्यावर उभे दिसते, तिथे लाल शाईने खूण करावी, कारण मालिकेत तपासायची पहिली जागा तीच असते.

प्लेऑफची रचना आपल्याकडच्या प्रेक्षकाने मुद्दाम समजून घ्यावी. ३२ पैकी १६ संघ पात्र ठरतात. त्यांत चार विभागांतले प्रत्येकी पहिले तीन असतात आणि दोन्ही परिषदांतून (लीगच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन गटांतून) आणखी दोन-दोन घेतले जातात. प्रत्येक फेरी सातपैकी चार विजयांची असते आणि अंतिम विजेत्याच्या स्टॅन्ली चषकासाठी अशा चार फेऱ्या, म्हणजे १६ विजय लागतात. मुंबई इंडियन्स २०१० मध्ये साखळीत अव्वल राहूनही अंतिम सामन्यात चेन्नईकडून हरले, तेव्हा एका संध्याकाळच्या खेळाला दोष देऊन आपण मोकळे झालो. सात सामन्यांच्या मालिकेत तसे मोकळे होता येत नाही. पण सात सामने म्हणजे सर्व काही सिद्ध करणारा पुरावाही नव्हे. साखळीत पहिल्या आलेल्या संघाला मिळणारा प्रेसिडेंट्स करंडक आणि स्टॅन्ली चषक हे दोन्ही एकाच वर्षी जिंकण्याची कामगिरी शिकागोने २०१३ मध्ये केली आणि त्यानंतर २०२५ पर्यंत ती कोणालाही जमली नाही.

आता मालिकेकडे वळू, आणि इथे घाई करू नये. ब्रुइन्सची मालिका अशी लिहिली जाते : ३-१ विजय, ३-६ पराभव, ४-२ विजय, ६-२ विजय, आणि मग अतिरिक्त वेळेत ३-४, ५-७ आणि पुन्हा अतिरिक्त वेळेत ३-४ असे सलग तीन पराभव. या सात ओळींच्या खाली हंगामाची सरासरी लिहावी. शेवटच्या तीन सामन्यांत ब्रुइन्सनी ११ गोल केले, म्हणजे सामन्यामागे ३.७, हंगामभर त्यांचा वेग नेमका हाच होता. मात्र त्यांच्यावर १५ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे ५. हंगामाच्या दुपटीहून जास्त. त्यांतला एखादा गोल रिकाम्या जाळ्यात (गोलरक्षकाला काढून जादा खेळाडू उतरवला असताना) गेला असेल, तो वेगळा नोंदवावा, पण चित्र त्याने बदलत नाही. दडपणाखाली संघ गोठला, हल्ले आटले, मोठे खेळाडू लपून बसले, असे जे त्या उन्हाळ्यात बोलले गेले त्याला या आकड्यांत आधार नाही. ब्रुइन्स हरले ते स्वतःच्या जाळ्यापाशी हरले. पाचव्या सामन्यात उलमार्कने जाळ्यामागे पक (चेंडूच्या जागी असणारी रबरी चकती) गमावला आणि फ्लोरिडाच्या मॅथ्यू कचकने निर्णायक गोल केला. सातव्यात ३-२ अशी आघाडी असताना शेवटच्या मिनिटात ब्रँडन मॉन्टूरने बरोबरी साधली आणि अतिरिक्त वेळेत कार्टर व्हरहेगीने मालिका संपवली.

गोलरक्षकाचा रकाना इथे कामी येतो. हंगामभर उलमार्क आणि जेरेमी स्वेमन हे दोघे आळीपाळीने खेळले आणि सर्वांत कमी गोल स्वीकारल्याबद्दलचा जेनिंग्ज करंडक दोघांना मिळून मिळाला. मालिकेत मात्र पहिले सहाही सामने उलमार्कच सुरू करत राहिला आणि स्वेमनने थेट सातवा सामना सुरू केला. ज्या पद्धतीने ६५ विजय मिळाले ती पद्धत प्रशिक्षक जिम माँटगोमेरी यांनी नेमक्या गरजेच्या वेळी सोडली आणि पुन्हा स्वीकारायला उशीर केला, असे माझे स्पष्ट मत आहे. समोर फ्लोरिडाने चौथ्या सामन्यापासून सेर्गेई बोब्रोव्स्की याला जाळ्यात उभे केले, ही नोंदही त्याच रकान्यात बसते.

दुखापतींचा रकाना सर्वांत जपून वाचावा, कारण पराभवाचे कारण म्हणून दुखापत पटकन पटते. कर्णधार पॅट्रिस बर्जेरॉन पहिल्या चार सामन्यांत खेळू शकला नाही. पाठीच्या मणक्यातली चकती सरकल्याचे नंतर समोर आले. एवढेच वाचले तर उत्तर सापडल्यासारखे वाटते. पण नोंदवही सांगते की त्याच्याविना ब्रुइन्सनी चारपैकी तीन सामने जिंकले आणि तो परतल्यावर तिन्ही गमावले. याचा अर्थ त्याच्यामुळे ते हरले असा मुळीच नाही. त्या वर्षी लीगमधला सर्वोत्तम बचावात्मक आघाडीपटू तोच ठरला होता, आणि तशा पाठीनिशी बर्फावर उतरणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच वाटतो. अर्थ इतकाच की ‘कर्णधार जायबंदी होता’ या तीन शब्दांत ही मालिका मावत नाही.

एकाच उदाहरणावरून नियम बांधू नये, म्हणून दुसरी मालिका शेजारी ठेवावी. टँपा बे लायटनिंगने २०१८-१९ मध्ये ६२ सामने जिंकले, १२८ गुण मिळवले आणि पहिल्या फेरीत कोलंबस ब्ल्यू जॅकेट्सकडून चारही सामने गमावले. वरवर पाहता ही ब्रुइन्सच्याच गोष्टीची आधीची आवृत्ती वाटते. प्रत्यक्षात त्या संघाने हंगामात सामन्यामागे जवळजवळ चार गोल केले होते आणि मालिकेत चार सामन्यांत मिळून केवळ ८ केले. त्यांतले तीन तर पहिल्या सामन्याच्या पहिल्याच सत्रात. तिथे खरोखर हल्ला आटला होता. हंगामात १२८ गुणांची वैयक्तिक कमाई करणारा निकिता कुचेरोव्ह तिसऱ्या सामन्यात बंदीमुळे बाहेर होता आणि बचावफळीचा आधारस्तंभ व्हिक्टर हेडमन शेवटचे दोन सामने खेळला नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन पराभवांची दुखणी वेगळी होती आणि ती केवळ सरासरी शेजारी लिहिल्याने दिसली.

प्रतिस्पर्ध्यासाठी एक पान राखावे. फ्लोरिडा ९२ गुणांसह कसाबसा पात्र ठरला होता, म्हणून त्याला दुबळा म्हटले गेले. पण त्याच संघाने आदल्याच हंगामात १२२ गुणांसह प्रेसिडेंट्स करंडक जिंकला होता आणि दुसऱ्या फेरीत टँपाकडून चारही सामने गमावल्यावर प्रशिक्षकपदी पॉल मॉरिस यांना आणले होते, तर जोनाथन ह्यूबर्डो आणि मॅकेंझी वीगर यांच्या बदल्यात कचकला घेतले होते. ब्रुइन्सना हरवल्यावर तो संघ अंतिम फेरीपर्यंत गेला, तिथे वेगास गोल्डन नाइट्सकडून हरला आणि नंतर २०२४ व २०२५ मध्ये लागोपाठ चषक जिंकला. आपला संघ कोणाकडून हरला हे ठरवताना प्रतिस्पर्ध्याची किमान दोन वर्षे मागे जाऊन पाहावीत.

नोंदवहीचा शेवटचा भाग जुलैपर्यंत लिहू नये, कारण पराभवाची किंमत तोपर्यंत कळत नाही. या लीगमध्ये संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते आणि २०२२-२३ मध्ये ती ८ कोटी २५ लाख डॉलर होती. ब्रुइन्सनी बर्जेरॉन आणि डेव्हिड क्रेची यांना कमी मूळ पगार व जास्त बोनस देऊन संघ बांधला होता आणि त्या बोनसचे ४५ लाख डॉलर पुढच्या वर्षाच्या मर्यादेतून वजा झाले. टेलर हॉलला शिकागोला द्यावे लागले. हंगामाच्या मध्यात आणलेले दिमित्री ऑर्लोव्ह, टायलर बर्टुझी आणि गार्नेट हॅथवे तिघेही दुसरीकडे गेले. बर्जेरॉन आणि क्रेची निवृत्त झाले. तरीही पुढच्या हंगामात संघाने १०९ गुण मिळवले, टोरंटोला सात सामन्यांत हरवले आणि दुसऱ्या फेरीत पुन्हा फ्लोरिडाकडूनच सहा सामन्यांत हरला. त्यानंतर उलमार्क ओटावाला गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये माँटगोमेरी यांना पदावरून दूर करण्यात आले.

टँपाने याच्या उलट केले. प्रशिक्षक जॉन कूपर यांना कायम ठेवले, संघाचा गाभा मोडला नाही, २०२० च्या पहिल्या फेरीत त्याच कोलंबसला हरवले आणि त्या वर्षी व पुढच्या वर्षीही चषक जिंकला. टँपाचे आधारस्तंभ अजून उमेदीच्या वयात होते आणि ब्रुइन्सचे दोन मध्यआघाडीपटू कारकिर्दीच्या अखेरीस होते, हे लक्षात घेतल्याशिवाय दोन्ही व्यवस्थापनांची तुलना करणे अन्यायाचे होईल. म्हणून आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक प्रमुख खेळाडूसमोर त्याचे वय आणि कराराची उरलेली वर्षे लिहावीत, आणि संघ पुन्हा प्रयत्न करू शकेल की ती संधी त्याच्या हातून गेली, याचा निर्णय ते पान पाहूनच करावा.