स्पेस शटलच्या उड्डाणांचा इतिहास लिहिताय? या चुका टाळा

१ फेब्रुवारी जवळ आली की कोलंबियाच्या, म्हणजे २००३ मध्ये त्या दिवशी परतताना तुटून पडलेल्या नासाच्या स्पेस शटलच्या, पोस्ट फिरायला लागतात आणि त्याच त्या चुका परत दिसतात. सात जणांचे जीव गेलेत त्यात, निदान क्रम आणि तारखा तरी नीट लिहा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मिशनचा नंबर (शटलच्या मोहिमांना एसटीएस-अमुक असे नंबर असायचे) हाच उड्डाणाचा क्रम समजणं. मध्यंतरी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी केलेला एक चार्ट माझ्याकडे तपासायला आला होता, मुलांनी चित्रं मनापासून काढलेली, पण यादी कोणीतरी एक्सेलमध्ये टाकून नंबरवर सॉर्ट मारून दिलेली. एसटीएस-१०७ समोर लाल अक्षरात "कोलंबिया नष्ट", आणि दोनच ओळी खाली एसटीएस-१०९, कोलंबिया, हबल दुर्बिणीची दुरुस्ती! नष्ट झालेलं यान परत उडालं कसं, हा प्रश्न प्रिंटिंगला जाईपर्यंत एकाही मोठ्या माणसाला पडला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. खरं काय तर १०९ मार्च २००२ मध्येच उडालं होतं. १०७ मात्र मागे पडत गेलं, आधी हबलचं आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचं काम, मग २००२ च्या उन्हाळ्यात इंजिनाकडे इंधन नेणाऱ्या पाइपांच्या आतल्या अस्तराला बारीक तडे सापडले म्हणून सगळीच शटल्स थांबवली, असं करत करत ते १६ जानेवारी २००३ ला निघालं. तोवर ११३ सुद्धा जाऊन आलं होतं.

१९८४ ते ८६ मधले नंबर तर अजून फसवे. एसटीएस-५१-एल मधला ५ म्हणजे आर्थिक वर्ष १९८५, १ म्हणजे उड्डाणाची जागा, फ्लोरिडातलं केनेडी स्पेस सेंटर, आणि एल म्हणजे त्या वर्षाच्या प्लॅनमधलं बारावं. प्लॅन, प्रत्यक्ष नव्हे. म्हणून ६१-सी आधी उडालं आणि ५१-एल, म्हणजे चॅलेंजरचं शेवटचं उड्डाण, त्यानंतर २८ जानेवारी १९८६ ला. मी यादी करताना पहिला कॉलम लाँचच्या तारखेचा ठेवते, दुसरा यानाचं नाव, नंबर तिसरा. सॉर्ट नेहमी तारखेवर. वेळ लागतो, लागू दे. पाच मिनिटांत इतिहास हवा असेल तर तो चुकीचाच मिळणार.

तारखांचंही तेच. कल्पना चावला यांचं पहिलं उड्डाण, एसटीएस-८७, फ्लोरिडात १९ नोव्हेंबर १९९७ च्या दुपारी झालं, तेव्हा आपल्याकडे २० तारखेचे रात्रीचे सव्वा वाजून गेले होते. दोन्ही तारखा बरोबर, पण एकाच लेखात एकदा ही आणि एकदा ती नको. मी युटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरते आणि वरच तसं लिहून टाकते.

आता क्रूचा घोळ. वर जाताना जे यान तेच परतताना, असं गृहीत धरू नका. सुनीता विल्यम्स डिसेंबर २००६ मध्ये डिस्कव्हरीने गेल्या आणि जून २००७ मध्ये अटलांटिसने आल्या. जाण्याचा आणि येण्याचा कॉलम वेगळा केला की हा प्रश्नच येत नाही. राकेश शर्मांना शटलमध्ये बसवणारेही भेटतात, ते १९८४ मध्ये सोयुझने गेले होते.

एंटरप्राइज हे चाचणीचं शटल अवकाशात कधीच गेलं नाही, १९७७ मध्ये बोइंग ७४७ च्या पाठीवरून सोडून फक्त ग्लाइडिंगच्या चाचण्या झाल्या. त्यामुळे उड्डाणांची एकूण बेरीज करताना ते धरायचं नाही. डिस्कव्हरी ३९, अटलांटिस ३३, कोलंबिया २८, एंडेव्हर २५, चॅलेंजर १०. बेरीज १३५ आली नाही तर यादीत गडबड आहे, पुढे लिहूच नका.

"पूर्ण रीयूजेबल" असंही लिहू नका. यान परत यायचं, दोन बूस्टर (बाजूला जोडलेली रॉकेटं) पॅराशूटने समुद्रात पडायचे आणि जहाजं ते ओढून आणायची, पण ती इंधनाची मोठी नारिंगी टाकी दर वेळी नवी. आणि कोलंबियावर आदळलेला उष्णतारोधक फोमचा तुकडा त्या टाकीवरूनच सुटला होता, उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी, डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर. त्यामुळे "परतताना अचानक बिघाड झाला" हे वाक्य तर कृपा करून काढूनच टाका. जखम सोळा दिवस आधीची होती आणि आदळणं लाँचच्या व्हिडिओत दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं.