इमूचं अंडं घरी उबवायचं तर

इमू पाळायचा विचार पक्का करण्याआधी मोठा झालेला पक्षी डोळ्यांपुढे आणा. तो पाच ते सहा फूट उंच आणि चाळीस-पन्नास किलोंचा होतो, नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षं जगतो. एका जोडीला साधारण २,५०० चौरस फूट, म्हणजे १०० बाय २५ फुटांचं मोकळं आवार लागतं. गच्चीवर किंवा बंगल्याच्या मागच्या अंगणात हे जमणार नाही. २०१२ च्या सुमारास इमूपालनाचा फुगा फुटला, तेव्हा तामिळनाडूपासून आपल्या महाराष्ट्रापर्यंत कितीतरी पक्षी खाद्यावाचून तडफडले. हा मुळात ऑस्ट्रेलियातला पक्षी. आपल्या रानात सोडून दिला तर तो जगेल, या भरवशावर कुणी राहू नये. त्यामुळे इथली माहिती शेतावर जागा आहे आणि आवडीने दोन-तीन पक्षी ठेवायचे आहेत, अशांसाठी आहे. स्थानिक परवानगीची चौकशी आणि जवळच्या पशुवैद्यकाशी बोलणं अंडं आणायच्या आधीच उरकून घ्या.

आपल्याकडे मादी साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारीत अंडी घालते, आणि तीही बहुधा संध्याकाळी. अंडं गडद हिरवं, जाड कवचाचं, पाचशे ते साडेसहाशे ग्रॅमचं असतं. तडा गेलेलं, वेडंवाकडं किंवा शेणामातीने बरबटलेलं अंडं घेऊ नका. थोडी माती असेल तर कोरड्या कापडाने पुसा. गार पाण्याने धुतलं की कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. साठवायचं असेल तर १५ ते १६ अंश सेल्सिअसला, दहा दिवसांच्या आत. उबवण्याच्या मशीनमध्ये, म्हणजे इनक्युबेटरमध्ये, ठेवण्याआधी एक दिवस खोलीच्या तापमानाला राहू द्या, नाहीतर थंड कवचावर दव धरतं. एकच अंडं उबवायला घेऊ नका. एकटं वाढलेलं पिल्लू माणसालाच आपला कळप समजतं आणि मोठेपणी ते त्याला आणि तुम्हालाही जड जातं.

इनक्युबेटर

पंखा असलेलं मशीनच घ्या. कोंबडीच्या अंड्यांचा आपोआप फिरणारा ट्रे इथे बसत नाही, तो काढून तळाला जाळी आणि त्यावर पातळ रबरी मॅट टाका. तापमान ३६.१ ते ३६.४ अंश. कोंबडीची सवय असलेले लोक इथेच चुकतात, कारण कोंबडीला ३७.५ अंश लागतात आणि तेवढ्यात इमूचा गर्भ घाईने वाढून कमजोर निघतो किंवा आतच मरतो. मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नका. ताप मोजायचा डॉक्टरी थर्मामीटर अंड्याशेजारी ठेवून ताडून पाहा.

दुसरी गोष्ट आर्द्रता, आणि सगळ्यात जास्त अंडी इथेच वाया जातात. इमूच्या अंड्याला कोरडी हवा लागते, ३० ते ४० टक्के. बाहेर २२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा मशीनमध्ये तापल्यावर ३० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून कोकणात थंडीच्या दिवसांत पाण्याचा ट्रे बहुतेक वेळा कोरडाच ठेवावा लागतो. देशावर, विदर्भात, हवा आधीच कोरडी असते, तिथे मशीनमध्ये छोटी वाटीभर पाणी ठेवायची गरज पडते. आर्द्रतामापक खरा आहे का हे घरीच कळतं: झाकणात थोडं मीठ घ्या, पाण्याच्या थेंबांनी ते चिखलासारखं ओलं करा आणि मापकासोबत हवाबंद डब्यात सहा-आठ तास ठेवा. काटा ७५ टक्क्यांवर यायला हवा. जेवढा फरक दिसेल, तेवढा रोजच्या आकड्यात धरा.

तरी शेवटचा शब्द वजनकाट्याचा. उबवण्याच्या काळात अंड्यातलं पाणी उडून वजन सुमारे १५ टक्के घटलं पाहिजे. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. सुरुवातीला ६०० ग्रॅम असलेलं अंडं आठवड्याला साडेबारा ग्रॅमच्या आसपास उतरतं: पहिल्या आठवड्यानंतर ५८७, चौथ्यानंतर ५५०, सातव्यानंतर ५१२. दर आठवड्याला एकाच वारी वजन करा आणि वहीत लिहा. घट कमी असेल तर पाणी काढा, हवेची भोकं थोडी उघडा, गरज पडली तर मशीन ठेवलेल्या खोलीतली हवा कोरडी करा. घट जास्त असेल तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवा. भांडं खोल असून उपयोग नाही, पसरट हवं. कमी सुकलेल्या अंड्यातलं पिल्लू फुगलेलं, पाणी धरलेलं असतं, त्याला आत वळायलाच जागा राहत नाही. जास्त सुकलेल्यात ते आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतं.

अंडी आडवी ठेवायची. निसर्गात नर अंड्यांवर बसतो आणि दिवसातून दहाएक वेळा उठून ती फिरवतो. घरी निदान पाच वेळा, सारख्या अंतराने फिरवा. कवच इतकं गडद असतं की पेन्सिलची खूण दिसत नाही. एका बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावा, समोरच्या बाजूला दोन. एकदा उजवीकडून अर्धा फेरा, पुढच्या वेळी डावीकडून. सतत एकाच दिशेने फिरवलं तर आतले पीळदार धागे ताणले जातात. हात आधी साबणाने धुवा.

वीज गेली तर झाकण उघडू नका, मशीनवर गोधडी टाका, भोकं तेवढी मोकळी ठेवा. एवढं मोठं अंडं सावकाश निवतं, दोन-तीन तास सहज निघतात. गार होण्यापेक्षा जास्त तापणं घातक, म्हणून मशीन उन्हाच्या खिडकीपाशी कधीच नको.

बॅटरीच्या उजेडात आतलं काही दिसत नाही, कवच उजेड जाऊ देत नाही. बेचाळिसाव्या दिवसानंतर अंडं सपाट टेबलावर ठेवा, ते पूर्ण थांबू द्या आणि शीळ घाला किंवा बोटाने हलकेच टकटक करा. आत जिवंत पिल्लू असेल तर अंडं स्वतःहून डुलतं. कुबट वास येणारं किंवा बाहेर पाझरणारं अंडं मात्र लगेच बाहेर काढा. ते मशीनमध्ये फुटलं तर बाकीचीही जातात.

पिल्लू बाहेर येताना

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळिसाव्या दिवशी फिरवणं थांबवा. पिल्लं बहुधा ४८ ते ५२ दिवसांत निघतात. कोंबडीच्या पिल्लाच्या चोचीवर असतो तसा टोकदार दात इमूला नसतो. ते पायांनी आणि अंगाने रेटून कवच फोडतं. आधी आतून टकटक आणि शीळ ऐकू येते, मग दिवसा-दोन दिवसांत कवचाला भेग जाते. भेग दिसली की आर्द्रता ५०-६० टक्क्यांवर न्या, म्हणजे पापुद्रा वाळणार नाही. घाईने कवच सोलू नका, बलक पोटात ओढून घ्यायला पिल्लाला वेळ लागतो. भेग पडून २४ तासांत काहीच पुढे सरकलं नाही, तरच भोक नखाएवढं मोठं करा. रक्ताचा थेंब दिसला की हात काढा आणि काही तास थांबा.

बाहेर आल्यावर बेंबीला पोव्हिडोन आयोडीन लावा आणि पिल्लाला दोन ते तीन दिवस मशीनमध्येच सुकू द्या. या दिवसांत खाणं नको, पोटातला बलक पुरतो. भरवायची घाई केली तर तो बलक आत कुजतो.

पाय सांभाळा

पिल्लू पायांनी जगतं किंवा पायांनीच जातं. पहिल्या दिवशी वर्तमानपत्रावर, प्लॅस्टिकवर किंवा फरशीवर ठेवलेल्या पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकतात. जमिनीवर साळीचं तूस टाकून वर गोणपाट ताणून बसवा. गोणपाटामुळे पिल्लू तूस गिळतही नाही. तूस पोटात साठून ते मरू शकतं. पाय फाकलेले दिसले तर त्याच दिवशी दोन्ही नडग्या मऊ क्रेप पट्टीने, अंगाच्या रुंदीइतकं अंतर ठेवून, सैलसर जोडा. तीन-चार दिवसांत बहुधा सुधारतं, आठवडाभर उशीर केला तर सुधारत नाही.

ब्रूडरमध्ये, म्हणजे दिव्याच्या उबेत पिल्लं ठेवायच्या जागेत, पहिले दहा दिवस ३२ अंश, मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत २९. दिव्यापासून लांब जायला जागा ठेवा. दर पिल्लामागे चार चौरस फूट जागा आणि भोवती अडीच फूट उंच कठडा. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, कोपऱ्यात धापा टाकत असली तर उष्णता जास्त.

खाद्यात २० टक्के प्रथिनं असलेलं स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं सुरुवातीचं तयार खाद्य, द्या. ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर देऊ नका: पिल्लू भराभर वजन घेतं, हाडं मागे राहतात, पाय गुडघ्याखाली बाहेर वळतो आणि तो सरळ होत नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्यही नको, त्यात कॅल्शियम फार असतं. बारीक चिरलेला लसूणघास किंवा कोथिंबीर खाद्यावर भुरभुरली की चोच मारायला लवकर शिकतात. पाण्याचं भांडं उथळ ठेवा.

खाद्याइतकीच धाव महत्त्वाची. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कोवळ्या उन्हात सोडा आणि किमान तीस फूट लांब सरळ पट्टा द्या. मांजर, मुंगूस, घार यांच्यापासून जाळी हवीच. आवारात सोडण्याआधी खिळे, तारेचे तुकडे, काचा वेचून घ्या, चुंबक फिरवला तर उत्तम. चकाकणारं काहीही ही पिल्लं गिळतात. राणीखेत या पक्ष्यांच्या साथीच्या रोगावरची लस पहिल्या आठवड्यापासून सुरू करतात. वेळापत्रक आणि जंताचं औषध पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या.

तीनेक महिन्यांत अंगावरचे पट्टे जातात. तोवर सहा फूट उंच जाळीचं कुंपण उभं असायला हवं, काटेरी तार अजिबात नको आणि जाळीत डोकं अडकेल एवढी भोकं नकोत. पक्षी धरायचा झाला तर सकाळी, ऊन चढायच्या आत, बाजूने आणि मागून, छातीशी कवटाळून धरा. पायाला कधीच धरू नका; तो पुढे लाथ मारतो आणि नखांनी पोट फाटू शकतं. नर-मादी दिसायला सारखेच. सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास गळ्यातून ढोलासारखा घुमणारा आवाज काढते ती मादी, आणि घोगरं गुरगुरतो तो नर.