चिपी ते गोंदिया विमानाने किती वेळ? हिशोब घरच्या घरी असा करा

माझी बहीण गोंदियाला दिलीय आणि आम्ही कुडाळचे, आमचं जवळचं विमानतळ म्हणजे चिपीचं सिंधुदुर्ग विमानतळ, त्यामुळे "दोन्हीकडे विमानतळ आहे ना, मग किती वेळ लागेल?" हा प्रश्न आमच्याकडे दर सुट्टीत निघतोच. नेटवर एके ठिकाणी सव्वा तास दाखवलं आणि आई लगेच बॅग भरायला लागली. मग मी बसून स्वतःच हिशोब केला, मोबाईलवर दहा मिनिटांत होतो.

आधी मॅपवर धावपट्टीवर बोट दाबून धरा, दोन आकडे येतात, पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. चिपी साधारण 16.00 आणि 73.53, गोंदियाचं विमानतळ बिरसीला आहे, ते 21.53 आणि 80.29. अक्षांशातला फरक 5.53, त्याला 111 ने गुणलं की 614 किमी. रेखांशातला फरक 6.76, पण इथे नुसतं 111 ने गुणून थांबू नका, विषुववृत्तापासून वर जाऊ तशा या रेषा जवळजवळ येतात, म्हणून दोन्ही अक्षांशांच्या मधला अंश (18.8) घेऊन त्याचा कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos बटण) काढा, तो 0.947, त्यानेही गुणा, आले 711 किमी. आता शाळेतलं पायथागोरस, दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर साधारण 940 किमी.

आता वेळ. लहान विमानतळांवर बऱ्याचदा एटीआर हे पंख्याचं छोटं विमान येतं, ते वर गेल्यावर ताशी 500 किमीच्या आसपास चालतं. 940 भागिले 500 म्हणजे 1.88 तास. हे 1 तास 88 मिनिटं नव्हे हां, 0.88 ला 60 ने गुणायचं, म्हणजे 1 तास 53 मिनिटं. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरताना वळसा घेणं याची वीस-पंचवीस मिनिटं घाला, सव्वादोन तास धरा. नेटवरचा सव्वा तास कुठून आला तेही इथेच कळलं, जेटचा ताशी 800 चा वेग घेऊन नुसता भागाकार केला की 1 तास 10 मिनिटंच येतात.

वाराही बघा. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा असतो, ताशी 40 चा जरी मिळाला तरी (वरची वीस-पंचवीस मिनिटं सोडून) जाताना 1 तास 44 मिनिटं आणि परत येताना 2 तास 3 मिनिटं, तेच विमान, तेच अंतर.

पण हे सगळं थेट विमान असेल तर, आणि या दोघांमध्ये थेट विमान नाही. हैदराबादवरून मोजलं तर 540 अधिक 514, म्हणजे 1054 किमी, जेमतेम 115 किमी जास्त. अंतराने फार फरक पडत नाही, वेळ जातो तो मधल्या थांब्यात, कारण छोट्या विमानतळांवर दिवसाला एखाददुसरंच विमान, काही ठिकाणी तर रोज पण नसतं. म्हणून आधी त्या वारी विमान आहे का बघा, मग बाकीचं. आणि दोन वेगवेगळी तिकिटं काढत असाल तर मध्ये निदान तीन-चार तास ठेवा, पावसाळ्यात कोकणात ढग खाली उतरले की पहिलं विमान लेट होतं आणि पुढचं चुकलं तर ते पैसे आपलेच जातात.