इंटीनच्या साहाय्याने बिनटॅगचं प्रोटीन: कायटिन कॉलमवर काम कसं करावं

इंटीन म्हणजे प्रोटीनच्या साखळीतला असा तुकडा, जो स्वतःच कापून बाहेर पडतो आणि दोन्हीकडची टोकं पेप्टाइड बंधाने सांधून जातो. एटीपी म्हणजे पेशीचं इंधन लागत नाही, दुसरं एन्झाइमही लागत नाही. 1990 मध्ये यीस्टच्या व्हीएमए1 जनुकात हा प्रकार पहिल्यांदा सापडला.

घडतं ते असं. इंटीनच्या पहिल्या सिस्टीनचं गंधक आधीच्या पेप्टाइड बंधावर हल्ला करतं आणि तिथे थायोएस्टर हा गंधकाचा बंध तयार होतो. इंटीन संपल्यावर लगेच येणारं सिस्टीन, सेरीन किंवा थ्रिओनीन तो थायोएस्टर आपल्याकडे ओढून घेतं. मग इंटीनच्या शेवटचं ॲस्परॅजीन स्वतःभोवती वळून कडी बनवतं, तुकडा सुटतो आणि उरलेला बंध आपोआप पेप्टाइड बंधात बदलतो. शुद्धीकरणासाठी वापरतात त्या एमएक्सई गायरए इंटीनमध्ये हे शेवटचं, 198 वं ॲस्परॅजीन बदलून ॲलॅनीन केलेलं असतं. त्यामुळे गाडी पहिल्याच पायरीवर थांबते आणि डीटीटी हे गंधकयुक्त रसायन घातलं की तिथेच काप जातो. आपल्याला नेमकं तेवढंच हवं असतं.

पीटीएक्सबी1 या प्लास्मिडमध्ये (जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या कड्यात) आपलं जनुक बसवलं, की प्रोटीनच्या शेवटी इंटीन आणि त्यामागे कायटिनला चिकटणारा टॅग जोडला जातो. म्हणून जनुक बसवताना प्रोटीनचं शेवटचं अमिनो आम्ल आधी तपासा. टायरोसीन, फेनिलॲलॅनीन, ल्युसीन चांगलं. ॲस्पार्टिक आम्ल असेल तर पेशीतच काप जातो, प्रोलीन असेल तर काप जवळजवळ जातच नाही.

ईआर2566 या ई. कोलाय पेशी 37 अंशांवर ओडी (द्रावणाचा गढूळपणा) 0.5-0.6 होईपर्यंत वाढवा, 0.4 मिलिमोलर आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन) द्या आणि रात्रभर 15-18 अंशांवर ठेवा. लायसिस बफर (पेशी फोडायचं द्रावण): 20 मिलिमोलर ट्रिस, 500 मिलिमोलर मीठ, 1 मिलिमोलर ईडीटीए, पीएच 8.5. यात डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल चुकूनही घालू नका, कारण मग कॉलमवर चढण्याआधीच काप जातो. एक लिटर कल्चरला 10 मिली कायटिन रेझिन (कॉलममध्ये भरायचे मणी) पुरतं. द्रावण मिनिटाला 0.5-1 मिली वेगाने चढवा आणि 20 कॉलम व्हॉल्यूम (रेझिनच्या आकारमानाच्या 20 पट) बफरने धुवा. मग 50 मिलिमोलर डीटीटी असलेल्या त्याच बफरचे 3 व्हॉल्यूम झटपट सोडून कॉलम बंद करा.

खरी गोची होते ती इथे. पुस्तकात लिहिलेलं असतं ‘रूम टेंपरेचर, 16 तास’. नवी मुंबईत रबाळे-महापेच्या एमआयडीसीत किंवा खारघरच्या कॉलेजात रात्री एसी बंद झाला, की मे महिन्यात पारा 27-28 च्या खाली क्वचितच उतरतो. पीएच 8.5 ला डीटीटी 20 अंशांवरसुद्धा दीडेक तासात निम्मं होतं, गरमीत त्याहून लवकर. वर उष्णतेने नाजूक प्रोटीन गोळा होऊन कॉलमवरच बसतं. म्हणून काप थंड कपाटात, 4 अंशांवर, 40 तास ठेवून करणंच इथे शहाणपणाचं. डीटीटी त्याच दिवशी तोलून घाला, कॉलमची टोकं घट्ट बंद करा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या बफरने एकदा बदल करा.

ट्रिसकडे मात्र लक्ष हवं. एका अंशामागे त्याचा पीएच सुमारे 0.03 ने सरकतो. 25 अंशांना 8.5 लावलेला बफर 4 अंशांना 9.1 च्या आसपास जातो. काप ज्या तापमानाला करायचा, त्याच तापमानाला पीएच लावा.

प्रोटीन आकारानुसार वेगळी दाखवणारी जेल चालवताना कापापूर्वीचे नमुने डीटीटी नसलेल्या सॅम्पल बफरमध्ये उकळा, नाहीतर तिथेच काप जाऊन पेशीत काप गेल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. लायसेटच्या (फोडलेल्या पेशींच्या द्रावणाच्या) अशा नमुन्यातही 28 किलोडाल्टनची सुटी इंटीन-टॅगची पट्टी दिसली, तर मात्र काप खरंच पेशीत गेलाय: आपलं प्रोटीन फ्लो-थ्रूमध्ये (कॉलमला न चिकटता निघालेल्या द्रावणात) वाहून गेलेलं असतं. तापमान आणि वेळ कमी करा किंवा शेवटचं अमिनो आम्ल बदला. इल्यूशननंतर, म्हणजे प्रोटीन कॉलममधून उतरवल्यावर, थोडं रेझिन एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळून पाहाच. तिथे अखंड फ्यूजन (न कापलेली प्रोटीन-इंटीन साखळी) दिसलं तर काप अपुरा, सुटं प्रोटीन दिसलं तर ते कॉलमवरच गोळा झालंय.

डायसल्फाइड बंध असलेल्या प्रोटीनला ही रीत नको, डीटीटी ते बंध तोडतं. पुढे सिस्टीनने सुरू होणारं पेप्टाइड जोडायचं असेल तर डीटीटीऐवजी मेस्ना हे दुसरं गंधकयुक्त रसायन वापरा, म्हणजे टोकाला थायोएस्टर शाबूत राहतो. दोन स्वतंत्र प्रोटीन सांधायची असतील तर एनपीयू डीएनएई हे दुभंगलेलं इंटीन घ्या. त्याचे 102 आणि 36 अमिनो आम्लांचे दोन भाग भेटले, की 37 अंशांवर मिनिटाभरात निम्मी जोडणी उरकते. फक्त सांध्यापुढचं पहिलं अमिनो आम्ल सिस्टीनच हवं, आणि जोडणीनंतर ते प्रोटीनमध्येच राहतं.

वापरलेलं रेझिन 0.3 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास भिजवून भरपूर पाण्याने धुवा आणि 20 टक्के इथेनॉलमध्ये 4 अंशांवर ठेवा.