घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटिव्हायरस कसा निवडाल?

अँटिव्हायरसवर पैसे खर्च करण्याआधी कॉम्प्युटरमध्ये आधीच काय आहे ते बघा. विंडोज १० किंवा ११ असेल, तर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर त्यात असतोच. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधून उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा आणि ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ चालू आहे का ते तपासा. मॅकमध्ये अ‍ॅपलचा एक्सप्रोटेक्ट असतो. मेल, बँकेची कामं, मुलांचा अभ्यास एवढ्यासाठी कॉम्प्युटर वापरणाऱ्या घराला माझ्या मते हे पुरतं. मात्र अपडेट वेळेवर व्हायला हवेत.

अपडेटचं मी मुद्दाम सांगतोय. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, जगभर पसरलं. ज्या त्रुटीतून ते शिरलं, ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता, तेच प्रामुख्याने अडकले. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तेव्हा कॉम्प्युटर अजून त्यावरच असेल, तर अँटिव्हायरसच्या आधी त्याचा विचार करा.

तरीही वेगळा अँटिव्हायरस हवा असेल, मुलांवर लक्ष ठेवण्याची सोय किंवा अनेक मशीनसाठी एकच लायसन्स हवं असेल, तर जाहिरातीवर किंवा ‘टॉप टेन’ याद्यांवर जाऊ नका. अशा बऱ्याच याद्यांना विक्रीमागे कमिशन मिळतं. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र प्रयोगशाळांचे निकाल मोफत वाचता येतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता या तिन्हींना प्रत्येकी ६, असे एकूण १८ गुण देते. वापरसुलभतेचे गुण नीट बघा: निरुपद्रवी फाइलला किंवा साइटला उगाच व्हायरस ठरवणारा अँटिव्हायरस तिथे मागे पडतो. रोज खोट्या सूचना आल्या की माणूस खऱ्या सूचनेकडेही दुर्लक्ष करायला लागतो. एकाच चाचणीवर न जाता मागचे तीन-चार निकाल ताडून पाहा.

मग किंमत. पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षीचा दर शोधा आणि ऑटो-रिन्यूअल बंद करता येतं का ते विचारा. फुकट पर्याय घेणार असाल, तर प्रायव्हसी पॉलिसी वाचाच. ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. संरक्षण करणारंच आपल्यावर नजर ठेवू लागलं, तर ते घरात घ्यायचं कशाला?

निवड झाली की कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच डाउनलोड करा. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला’ म्हणणाऱ्या पॉप-अपवरून तर कधीच नाही. त्यात फोन नंबर दिला असेल, तर तो सापळाच समजा. आधीचा अँटिव्हायरस, नव्या लॅपटॉपसोबत आलेली ट्रायलसुद्धा, पूर्ण अनइन्स्टॉल करा. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी फाइली तपासू लागले की मशीन रेंगाळतं, कधी एकमेकांनाच ते संशयित ठरवतात. डिफेंडरची काळजी नको, दुसरा अँटिव्हायरस आला की तो सहसा आपोआप बाजूला होतो.

आता तुमचा अँटिव्हायरस खरंच जागा आहे का ते बघा. ‘आयकार’ संस्थेच्या साइटवर फक्त ६८ अक्षरांची एक चाचणी फाइल मिळते. ती पूर्ण निरुपद्रवी आहे, पण अँटिव्हायरसनी तिला व्हायरस समजून अडवावं असा संकेत आहे. ती डाउनलोड करताना लगेच इशारा यायला हवा. आला नाही, तर रिअल-टाइम प्रोटेक्शन पुन्हा तपासा.

आणि फोटो, कागदपत्रं यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर नियमित घ्या. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही लॉक करतं.