ऑनलाइन समुपदेशन: आधी बोलायला जागा, मग समुपदेशक

सासू-सुनेतली रोजची धुसफूस, जहाजावर गेलेल्या नवऱ्याशी फोनवर होणारे वाद, हॉटेलातल्या रात्रपाळीने उडालेली झोप, घराच्या वाटणीवरून भावाभावांत धरलेला अबोला. अशा गोष्टींसाठी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, तिथे कोणी ओळखीचं भेटलं तर? मोबाईलवरचं समुपदेशन त्यामुळे जवळचं वाटतं. पण गोव्यातल्या घरात ते फसतं, तेव्हा बऱ्याचदा कारण एकच असतं. मोकळेपणी बोलायला जागाच नसते.

जुन्या कौलारू घरांत खोल्यांमधल्या भिंती अनेकदा छपरापर्यंत पोचत नाहीत. आतल्या खोलीतलं बोलणं वसरीवर बसलेल्याला ऐकू येतं. इअरफोन लावल्याने समुपदेशकाचा आवाज झाकतो, तुमचा नाही, हे बरेच जण विसरतात. दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ चालू ठेवला तर शब्द अस्पष्ट होतात. त्याहून चांगली जागा म्हणजे सावलीत उभी केलेली गाडी. गाडी चालवताना मात्र सत्र घेऊ नका. घरातली माणसं शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला किंवा देवळात जात असतील, तर तीच वेळ मागून घ्या. कोणी अचानक आत आलं तर वापरायचं एक साधं वाक्य समुपदेशकाशी आधीच ठरवा, उदाहरणार्थ 'बरं, ते बिल उद्या भरते'. ते ऐकलं की समोरच्याने विषय बदलायचा.

सत्तरी, सांगे, धारबांदोड्याच्या डोंगराळ भागात घराच्या एका कोपऱ्यात रेंज असते नि दुसऱ्यात नसते. म्हणून आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल करून बघा. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा फोन पूर्ण चार्ज हवा. कॉल तुटला तर कोणी कोणाला लावायचा आणि किती मिनिटं वाट बघायची, हे पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर दोघंही एकाच वेळी फोन लावत राहतात. व्हिडिओ अडखळत असेल तर तो बंद करून नुसत्या आवाजावर बोला. त्याने काम अडत नाही.

माग राहतो तो भलतीकडेच. पैसे जोडखात्यातून दिले तर बँकेचा संदेश नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर जातो. गुगल खातं घरात एकच असेल तर कॅलेंडरमधली भेटीची नोंद सगळ्यांना दिसते. गुपित ठेवायचं असेल तर या दोन जागा आधी तपासा.

समुपदेशक निवडताना पदवी विचारायला संकोच करू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि पडताळा. समुपदेशक म्हणवणाऱ्याने काय शिक्षण घेतलं, सराव कोणाच्या देखरेखीखाली केला, हे सरळ विचारा. गोळ्या फक्त डॉक्टर लिहून देतात. समुपदेशक औषध सुचवू लागला तर तिथेच थांबा. आणखी तीन प्रश्न हवेतच. सत्र रेकॉर्ड होतं का? टिपणं कोण वाचतं? आमच्या गावात किंवा नात्यात तुमची ओळख आहे का? छोट्या राज्यात हा शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे. दहा सत्रांचं पॅकेज आधीच विकत घेऊ नका, एका सत्राचे पैसे भरून बघा.

भाषेचंही विचारा. लिहायला-वाचायला मराठी असली तरी घरातलं भांडण कोंकणीत होतं, आणि राग ज्या भाषेत येतो त्याच भाषेत तो नीट सांगता येतो. मधेच कोंकणीवर गेलं तर समुपदेशकाला समजेल का, हे पहिल्या फोनवरच कळू दे.

पहिल्या सत्राआधी कागदावर तीन ओळी लिहा. 'घरात ताण आहे' या वाक्यावर समुपदेशकाला काही करता येत नाही. 'पंधरा दिवसांत चार वेळा जेवताना वाद झाला, त्यातले तीन मुलाच्या फीवरून' यावर करता येतं. काही जण आधी पीएचक्यू-९ हा नैराश्य चाचपणारा नऊ प्रश्नांचा फॉर्म पाठवतात. त्यात गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, गुण ० ते २७. दहा किंवा जास्त आले तर अधिक तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ, ते निदान नव्हे. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तो रिकामा सोडू नका आणि खरं उत्तर द्या.

सत्र साधारण ४५ ते ५० मिनिटांचं असतं. पहिल्यात बहुतेक वेळ समुपदेशकाच्या प्रश्नांतच जातो. उपाय मिळाला नाही म्हणून तिथेच सोडू नका. मात्र संपताना एक छोटं काम, त्याचा वार आणि वेळ ठरवून घ्या. नंतरची पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. डोळे पुसत थेट स्वयंपाकघरात गेलात तर घरातले विचारणारच.

किती सत्रं लागतात? गोव्यात याचा चांगला अनुभव जमा आहे. १९९६ साली इथेच सुरू झालेल्या संगात या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या नैराश्यग्रस्तांसाठी ६ ते ८ सत्रांची पद्धत तपासली. समुपदेशन करणारे मानसोपचारातले आधीचे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. निष्कर्ष २०१७ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि ते आशादायक होते. पद्धतीचा गाभा साधा आहे: मन खचल्यावर सोडून दिलेली कामं हुडकायची आणि त्यातलं एक छोट्या प्रमाणात पुन्हा सुरू करायचं. तेव्हा चार सत्रांनंतरही काहीच हललं नसेल तर स्पष्ट बोला. समुपदेशक बदलणं हा अपमान नाही.

दोघांच्या सत्रात घोळ जास्त होतात. एकच फोन एकाच्या हातात असला की दुसरा चौकटीबाहेर जातो आणि गप्प बसतो. फोन टेबलावर दोन हात लांब टेकवा, दोघंही पूर्ण दिसले पाहिजेत. एकाच खोलीत दोन फोन वापरले तर आवाज घुमतो. नवरा तारवटी असेल तर वेळ जहाजाच्या घड्याळाने ठरवा. एकट्याने सांगितलेली गोष्ट समुपदेशक दुसऱ्यासमोर उघड करणार का, हा नियम आधीच विचारा. मारहाण किंवा धाक असेल तर एकत्र सत्र मुळीच नको, कारण तिथे बोललेल्याची शिक्षा कॉल संपल्यावर मिळू शकते. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

वाटणीच्या तंट्यात समुपदेशकाकडून हिस्सा ठरवून घ्यायची अपेक्षा धरू नका. गोव्यात वारसाहक्काचा कायदा वेगळा आहे, इन्व्हेंटरीचं, म्हणजे वारसांत वाटणी करण्याच्या कोर्टातल्या प्रक्रियेचं, काम वकिलाचं. समुपदेशक दुसरी गाठ सोडवतो, म्हणजे आईची सेवा कोणी केली आणि त्याची जाण कोणी ठेवली नाही.

घरातला पिणारा माणूस तयार नसला तरी तुम्ही एकट्याने सुरू करू शकता. रोज पिणाऱ्याला मात्र अचानक दारू बंद करायला लावू नका. अशा वेळी कापरं भरतं, झटकेही येऊ शकतात, त्याला आधी डॉक्टर हवा. आत्महत्येचे विचार येणं, नसलेले आवाज ऐकू येणं, दिवसेंदिवस झोप न लागणं यांसाठीही ऑनलाइन सत्राच्या तारखेची वाट बघू नका. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, आणि बांबोळीची मानसोपचार संस्था आहेच.

समुपदेशक पुण्या-मुंबईत बसलेला असेल तर संकटात मदत कुठे पाठवायची हे त्याला माहीत नसतं. म्हणून पहिल्या सत्राआधी त्याला पूर्ण पत्ता द्या: घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका, जवळच्या देवळाची किंवा शाळेची खूण. सोबत अशा एका माणसाचा फोन नंबर, जो दहा मिनिटांत तुमच्या दारात पोचू शकतो.